स्पर्धा कशाची लावलीय, ते आधी सांगा

बारावीच्या इकॉनॉमिक्सच्या पेपरात हे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांनी लिहिलंय. बाजारात स्पर्धा असली की किमती उतरतात, दर्जा सुधारतो, नवनव्या वस्तू येतात आणि शेवटी ग्राहकाचा फायदा होतो. पाचपैकी चार मार्क फिक्स. २०१६मध्ये जिओ आलं, डेटा पाण्याच्या भावात मिळायला लागला, तेव्हा तर पुस्तकातलं हे वाक्य आपण हातातल्या मोबाइलवर खरं होताना पाहिलं. त्यामुळे ‘स्पर्धा म्हणजे प्रगती’ हे समीकरण आपल्या पिढीच्या डोक्यात घट्ट बसलंय. माझी त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो, असं मला वाटतं. स्पर्धा कशाची? हा प्रश्न मला नीट कळला तो मोबाइलमुळे नाही, तर एटीव्हीमुळे.

एटीव्ही म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल. नागाव, काशीद किंवा गोव्याच्या एखाद्या बीचवर फुगीर टायरांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी वाळू उडवत जाताना तुम्ही पाहिली असेल. ‘एक राउंड कितीला?’ असं विचारून चालवलीही असेल. आपल्याकडे ती सुट्टीतली मजा आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मात्र ती कामाची गाडी आहे. शेतकरी तिच्यावरून गुरांमागे फिरतात, कुंपणं तपासतात, चारा वाहतात. शनिवार-रविवारी तीच गाडी डोंगरात, वाळवंटात पळवायला निघते. तिचं आज जे रूप आहे, ते पन्नासहून जास्त वर्षांच्या कंपन्यांच्या चुरशीतून घडलंय. आणि ही गोष्ट जबरदस्त आहे.

सुरुवात होंडापासून. १९६०च्या दशकात होंडाच्या मोटारसायकली अमेरिकेत धडाक्यात खपत होत्या, पण हिवाळा आला की डीलर माश्या मारत बसायचे. बर्फात बाइक कोण घेणार? म्हणून होंडाच्या अमेरिकेतल्या शाखेनं जपानला कळवलं की थंडीत विकता येईल असं काहीतरी द्या. ओसामू ताकेउची या इंजिनीअरनं दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत वेगवेगळ्या जुळण्या करून पाहिल्या आणि शेवटी तीन चाकांवर गाडी थांबली. मोठे, फुगीर, अगदी कमी हवेचे टायर. सस्पेन्शन नाहीच, टायरच स्प्रिंगचं काम करणार. १९७०मध्ये ‘यूएस ९०’ नावानं ती बाजारात आली. इंजिन जेमतेम ७ हॉर्सपॉवरचं. पुढच्याच वर्षी जेम्स बाँडच्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’मध्ये शॉन कॉनरी तिच्यावर दिसला. अशी जाहिरात नशिबानंच मिळते.

यानंतर दहाएक वर्षं होंडाचंच राज्य होतं. मग यामाहा आली, कावासाकी आली आणि तीन चाकांची खरी शर्यत सुरू झाली. होंडानं १९८१मध्ये एटीसी २५०आर काढली. टू-स्ट्रोक इंजिन, सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, सगळं रेसिंगच्या थाटात. मग कावासाकीची टेकाटी, मग यामाहाची ट्राय-झेड. प्रत्येक नवी गाडी आधीच्या गाडीपेक्षा सुसाट.

या शर्यतीत सुझुकी मागे होती. तीन चाकांत होंडाला गाठणं तिच्यासाठी अवघड होतं, म्हणून तिनं खेळच बदलला. १९८३च्या मॉडेल वर्षासाठी तिनं चार चाकांची क्वाडरनर आणली आणि ‘चार चाकांवर पहिले आम्ही’ हीच जाहिरात केली. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण इकॉनॉमिक्सच्या पुस्तकातला मुद्दा इथे जिवंत दिसतो. जो पुढे असतो त्याला काही बदलायची घाई नसते. जो मागे राहिलाय त्याला डोकं चालवावंच लागतं. आज बीचवर दिसणारी चार चाकं ही मागे राहिलेल्या कंपनीची देणगी आहे. होंडानंही मग पटकन चार चाकं घेतली आणि १९८६मध्ये थेट फोर-व्हील ड्राइव्हची एटीव्ही काढून पुन्हा आघाडी घेतली.

एवढ्यात एक वेगळाच भिडू मैदानात उतरला. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेला लागून रोझो नावाचं छोटंसं गाव आहे. तिथली पोलारिस ही कंपनी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची स्कूटर बनवायची. तिच्या संस्थापकांपैकी एक, एडगर हेटीन, १९६०मध्ये कंपनी सोडून गेला आणि शंभरेक किलोमीटरवरच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्यानं दुसरी कंपनी काढली. तीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. म्हणजे आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या कथा काहीच नाहीत. १९८०च्या आसपास मंदी आली, बर्फही कमी पडला आणि स्नोमोबाइलचा धंदा बसला. आर्क्टिक कॅटची मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. पोलारिसला उन्हाळ्यात विकता येईल असं काहीतरी हवं होतं. होंडा थंडीसाठी वस्तू शोधत एटीव्हीपर्यंत पोचली होती, पोलारिस उन्हाळ्यासाठी वस्तू शोधत तिथेच पोचली.

१९८५च्या पोलारिस एटीव्हीत गिअर नव्हते. स्नोमोबाइलचं बेल्टवर चालणारं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तिनं सरळ उचलून एटीव्हीत बसवलं. आपल्या अ‍ॅक्टिव्हात असतं तेच तत्त्व. मोटारसायकलवाल्या जपानी कंपन्यांना गिअर म्हणजे गाडीचा आत्मा वाटत होता, पण कुंपण दुरुस्त करायला निघालेल्या शेतकऱ्याला एका हातात हत्यारं धरून गिअर बदलायचे नव्हते. या बेल्टची एक अडचण होती. घाट उतरताना आपण गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतो आणि इंजिनच तिला आवरून धरतं, तसं बेल्टच्या गाडीत नीट होत नसे. यामाहानं १९९८च्या ग्रिझली ६००मध्ये त्यावर उपाय काढला, चारही चाकांवर इंजिन ब्रेकिंग देणारं बेल्ट ट्रान्समिशन. त्याच दशकात पोलारिसनं स्पोर्ट्समन ५००मध्ये मागच्या दोन चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं होतं. २००७मध्ये यामाहानं एटीव्हीत पॉवर स्टिअरिंग आणलं. एकानं काही काढायचं, चार-पाच वर्षांत बाकीच्यांनी ते घ्यायचं. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं.

मध्येच एक खासगीतली गोष्ट सांगते. सगळीच नवलाई खरी नव्हती. २००३-०४च्या सुमारास सुझुकी, कावासाकी आणि आर्क्टिक कॅट या तीन ‘स्पर्धक’ कंपन्यांच्या शोरूममध्ये ४०० सीसीची एकच गाडी तीन नावांनी, तीन रंगांत उभी होती. बलेनो आणि ग्लान्झा बघून हसणाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही.

आता या गोष्टीतला तो भाग, जो कंपन्यांच्या वर्धापनदिनाच्या व्हिडिओत दाखवत नाहीत.

तीन चाकांच्या एटीव्हीत एक मूळ दोष होता. आपल्या रिक्षालाही तीन चाकं असतात, पण तिच्या मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल असतो, त्यामुळे वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरू शकतं. या एटीव्हीचा मागचा आस सलग होता. दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरणार. गाडी वळवायची तर शरीराचा तोल बाहेर टाकून आतलं चाक हलकं करावं लागायचं, जे सायकल शिकलेल्या कुठल्याही माणसाच्या सवयीच्या उलट आहे. उतारावर, खड्ड्यात, जरा वेगात हे जमलं नाही की गाडी उलटायची आणि चालवणारा खाली सापडायचा. जाहिरातींत सगळं कुटुंब हसत गाडीवर असायचं, त्यामुळे घराघरांत मुलं ती चालवत होती. १९८०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत दरवर्षी हजारो लोक एटीव्हीच्या अपघातात जखमी होऊन इस्पितळात येत होते. शेकडो जण गेले. त्यात मोठा वाटा १६ वर्षांखालच्या मुलांचा होता.

याच वर्षांत कंपन्यांची स्पर्धा सगळ्यात तीव्र होती. सर्वात जास्त ‘इनोव्हेशन’ याच वर्षांत होत होतं. इंजिन सुधारलं, ब्रेक सुधारले, सस्पेन्शन आलं. मात्र ‘ही गाडी कमी उलटते’ अशा जोरावर विक्रीची लढाई कुणी लढली नाही. कारण उघड आहे. शोरूममध्ये दहा मिनिटांच्या टेस्ट राइडमध्ये वेग कळतो, सीट कळते, हँडल किती हलकंय ते कळतं. गाडी उलटल्यावर काय होईल ते कळत नाही. ते ज्या दिवशी कळतं त्या दिवशी पैसे देऊन बरेच महिने झालेले असतात.

शेवटी सरकार मध्ये पडलं. अमेरिकेच्या ग्राहक वस्तू सुरक्षा आयोगाच्या वतीनं खटला भरला गेला आणि १९८८मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस यांनी कोर्टात दहा वर्षांचा करार मान्य केला. नव्या तीनचाकी विकायच्या नाहीत, घेणाऱ्याला मोफत प्रशिक्षण द्यायचं, १६ वर्षांखालच्यांसाठी ९० सीसीपेक्षा मोठी गाडी विकायची नाही. पुस्तकी तर्कानं बघितलं तर हा बाजारावर घातलेला घाव होता आणि त्यानं संशोधन थांबायला हवं होतं. झालं उलटंच. नुसत्या वेगाचा रस्ता अडला म्हणून कंपन्यांची बुद्धी दुसरीकडे वळली. कामाच्या एटीव्हीकडे. मागे सांगितलेलं इंजिन ब्रेकिंग, मागचं स्वतंत्र सस्पेन्शन हे त्या कराराच्या दहा वर्षांत घडलंय.

‘नियम आले की नावीन्य मरतं’ असं ठासून सांगणाऱ्या स्टार्टअपवाल्या दादा-ताईंना ही दहा वर्षं वाचायला द्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

पुढे दोघांनी शेजारी बसायची, स्टिअरिंग आणि सळ्यांचा पिंजरा असलेली ‘साइड-बाय-साइड’ आली. २००८च्या मॉडेल वर्षाची पोलारिस आरझेडआर पन्नासेक हॉर्सपॉवरची होती. मग कॅनडाच्या कॅन-अ‍ॅमशी तिची जुंपली. पोलारिसची १४४ हॉर्सपॉवर, लगेच कॅन-अ‍ॅमची १५४. पोलारिसची १६८, कॅन-अ‍ॅमची १७२, मग १९५. पोलारिस २२५. कॅन-अ‍ॅम २४०. कॉलनीतल्या दोन दहीहंडी मंडळांनी एकमेकांच्या बक्षिसावर हजार-हजार चढवत जावं, तसं. अंदाज यावा म्हणून सांगते, आपल्या रस्त्यावरची स्विफ्ट ऐंशी-नव्वद हॉर्सपॉवरच्या घरात असते.

या चढाओढीच्या मधोमध, एप्रिल २०१६मध्ये, पोलारिसला सुमारे १ लाख ३३ हजार आरझेडआर परत बोलवाव्या लागल्या. गाड्या पेट घेत होत्या. आगीच्या १६०हून जास्त तक्रारी आल्या होत्या आणि त्यात १५ वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला होता. धोका कळूनही वेळेत कळवलं नाही या आरोपावरून दोन वर्षांनी कंपनीनं २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलर दंड भरायचं मान्य केलं. दंडाचा आकडा मोठा दिसतो. पण ‘आमची गाडी पेटत नाही’ हे काही दोन कंपन्यांच्या जाहिरातयुद्धाचं वाक्य होऊ शकत नाही, आणि अडचण नेमकी तिथे आहे.

यावर कंपन्यांचं एक उत्तर कायम तयार असतं, आणि ते खोटं नाही. लोक हेल्मेट घालत नाहीत, दारू पिऊन चालवतात, एकट्याच्या सीटवर तिघं बसतात, लहान मुलाच्या हातात मोठी गाडी देतात. मान्य. बऱ्याच अपघातांत हेच दिसतं. पण मग ज्या माणसाला गाडी विकतोय तो असाच वागणार आहे हे माहीत असताना गाडी कुठल्या माणसासाठी डिझाइन करायची, या प्रश्नाचं उत्तर त्यात येत नाही.

ऑस्ट्रेलियानं या प्रश्नाला जरा हुशारीनं हात घातला. तिथे शेतावरच्या अपघातांत क्वाड बाइक, म्हणजे हीच एटीव्ही, फार बदनाम आहे. २०१९मध्ये सरकारनं नवं मानक आणलं. पहिली पायरी ऑक्टोबर २०२०पासून. विकायच्या प्रत्येक नव्या गाडीला एक टॅग लावायचा आणि त्यावर लिहायचं की ही गाडी किती अंशांच्या तिरकेपणाला उलटायला लागते. दुसरी पायरी वर्षभरानं. शेतकामाच्या गाडीला मागे एक संरक्षक कमान हवीच, म्हणजे गाडी उलटली तरी खालच्या माणसाला श्वास घ्यायला जागा उरेल. बड्या कंपन्या म्हणाल्या की कमानीनंच इजा होऊ शकते, हेल्मेट आणि प्रशिक्षण जास्त उपयोगी आहे. होंडा, यामाहा, पोलारिस यांनी तर तिथे क्वाड बाइक विकणंच बंद करायचं ठरवलं. पन्नास वर्षं एकमेकींना हरवायला काय काय शोधून काढणाऱ्या कंपन्या एका लोखंडी कमानीपुढे थांबल्या! रिकाम्या झालेल्या जागेत चीनची सीएफमोटो कमान लावून शिरली. म्हणजे स्पर्धा संपली नाही. मागे असलेल्यानं पुन्हा एकदा संधी साधली, जशी १९८३मध्ये सुझुकीनं साधली होती.

मला त्या कमानीपेक्षा तो टॅग जास्त महत्त्वाचा वाटतो. सीसी आणि हॉर्सपॉवरच्या शेजारी उलटण्याचा कोन लिहिला की तोही एक आकडा होतो. आकडा झाला की त्याची तुलना होते. तुलना झाली की शोरूममधला सेल्समनच सांगायला लागतो, ‘साहेब, त्यांच्यापेक्षा आपली दोन अंशांनी बरी.’ हे आपण आपल्याकडे गाड्यांच्या बाबतीत पाहिलंय. २०१४मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतात खपणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळून बघितल्या, तेव्हा पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार मिळाले होते. २०१८मध्ये टाटा नेक्सॉनला पाच मिळाले आणि त्यानंतर ‘मायलेज किती देते?’ विचारणारे आपले काकासुद्धा ‘स्टार किती?’ विचारायला लागले. २०२३पासून आपली स्वतःची भारत एनकॅप आहे. इंजिनीअर तेच होते, कंपन्या त्याच होत्या. फलकावर एक नवा आकडा आला होता, इतकंच.

आणि हे ज्यांना मी सांगायची गरजच नाही, अशी मंडळी आपल्याच कॉलेजांत आहेत. ‘बाहा’च्या टीमवाले. बाहा एसएई-इंडिया ही इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा २००७पासून सुरू आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरला देशभरातल्या टीम स्वतः बनवलेली एटीव्ही घेऊन येतात, त्यात आपल्या राज्यातली कितीतरी कॉलेजं असतात. वर्कशॉपमध्ये रात्ररात्र वेल्डिंग करून डोळे लाल झालेला एखादा मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. त्याला विचारा. पेट्रोलच्या गटात बरीच वर्षं सगळ्यांना एकाच बनावटीचं, सुमारे १० हॉर्सपॉवरचं इंजिन वापरावं लागायचं. त्यात हात घालायचा नाही. पिंजऱ्याच्या पाइपच्या पोलादात कार्बन किती हवा इथपर्यंत नियम. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक झाली नाहीत तर गाडी शर्यतीला उभीच राहत नाही. एवढ्या बंधनांनंतर डोकं चालवायला उरतं काय? तर वजन, सस्पेन्शन, ट्रान्समिशन, चालकाची बसण्याची जागा. आणि तिथे ही पोरं जे काही करतात ते बघून थक्क व्हायला होतं. चार तासांच्या एन्ड्युरन्स रेसमध्ये खड्ड्या-टेकाडांतून शेवटपर्यंत टिकलेली गाडी सर्वात ताकदवान नसते, कारण तसा पर्यायच कुणाला नसतो.

आता त्या बीचकडे या. तिथेही स्पर्धा आहे, चांगली कडवी आहे. एकाच वाळूवर पाच-सहा जण गाड्या लावून उभे असतात. एकाचा राउंड पन्नास रुपयांनी स्वस्त, दुसऱ्याचा राउंड त्या खडकापर्यंत, तिसऱ्याची गाडी नवी कोरी. मी गेल्या हिवाळ्यात एका किनाऱ्यावर दोन दिवस फक्त बघत बसले होते. वडील हँडलवर, पुढे चार-पाच वर्षांचं पोर, मागे आई, व्हिडिओ काढणारा मामा बाजूनं पळतोय. हेल्मेट दिवसभरात दोनदा दिसलं, दोन्ही वेळा हँडलला लटकलेलं. त्या गाडीवाल्यांना दोष देऊन काही होणार नाही. ज्याच्याकडे हेल्मेट सक्तीचं असेल त्याचं गिऱ्हाईक शेजारी जाणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. एकट्यानं शहाणं व्हायला कुठल्याच बाजारात परवडत नाही, होंडालाही परवडलं नव्हतं.

किनारा ज्यांच्या अखत्यारीत येतो त्यांनी सगळ्यांना एकच अट घालावी. एका सीटवर एकच माणूस, डोक्याच्या मापाचं हेल्मेट, १६ वर्षांखालच्यांना मोठी गाडी नाही, आणि शेवटचा अपघात कधी झाला ती तारीख प्रत्येकाच्या बोर्डावर. बोर्डावर जागा भरपूर असते. सध्या तिथे राउंडचा रेट आणि एक मोबाइल नंबर एवढंच लिहिलेलं असतं.